दारूला ऊन द्यावे की सावली?

मथळा वाचून काही वाचकांच्या भुवया उंचावल्या असतील. मराठीचा मास्तर आणि ऐन दिवाळीत दारूच्या गोष्टी सांगावयास बसतो, म्हणजे जिंतूरची हवा अगदीच बिघडली म्हणावयाची! तेव्हा खुलासा आधीच करून टाकतो. ही पेल्यातली दारू नव्हे. फटाक्यातली, तोफेतली आणि बंदुकीतली दारू ती ही. फारसी भाषेत दारू म्हणजे औषध. आपल्याकडे आल्यावर या औषधाचे दोन संसार झाले. एक माणसाच्या पोटात गेले, दुसरे बंदुकीच्या. दोन्ही ठिकाणी ते बेताने ठेवावे लागते आणि पोरांच्या हाती लागू द्यावयाचे नसते, एवढे साम्य मात्र कायम राहिले.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. कोणताही विषय निघाला की मी आधी शब्दाचे शेपूट धरतो. 'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरला. त्यांच्या भाषेत तो 'कार्तूश' असा काहीसा उच्चारतात. पाव, बटाटा आणि पगार ही त्याच गलबतातली मंडळी. मौज अशी की, 'चावी' हा शब्दही आपल्याला पोर्तुगीजांनीच दिला. काडतूस आणि चावी एकाच घरून आली, पण आपल्या लोकांनी काडतूस तेवढे नीट जपले आणि चावी कुठे ठेवली ते विसरले! आज मला बोलावयाचे आहे ते या चावीबद्दल.

दिवाळीच्या साफसफाईत घराघरांतून काय काय खाली उतरते, ते आपण सारेच पाहतो. पितळी घंगाळे, सुनेच्या माहेरची पेटी, तुटका पाळणा, फुटका कंदील. आमच्या जिंतूर तालुक्यातल्या जुन्या शेतकरी घरांतून कधी कधी आणखी एक वस्तू उतरते. ती म्हणजे काडतुसांचा डबा. याचे नवल वाटावयाचे कारण नाही. आमचा हा मुलूख अर्धा सपाट, अर्धा डोंगराळ. नेमगिरीच्या बाजूला टेकड्या, येलदरीच्या बाजूला धरणाचे पाणी आणि मधल्या शेतांतून कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा. माणसाला जे गोड लागते ते रानडुकरालाही गोड लागते. रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचे काय करतो, ते पाहिलेल्या शेतकऱ्याला बंदुकीचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. म्हणून पीकसंरक्षणासाठी परवाना काढून घेतलेली एकनळी वा दुनळी काही घरांत पिढ्यान् पिढ्या नांदत आली. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या काळच्या ठासणीच्या बंदुकांच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

पूर्वी काडतूस घरात फार दिवस टिकत नसे. हंगामात आणले, हंगामात उडाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचे दिवस संपले. आज रानडुकरावर बार काढावयाचा तरी आधी परवानगी लागते. बहुतेक बंदुका आता खुंटीवर किंवा कपाटात असतात. वर्षातून एकदा खंडेनवमीला त्यांना हळदकुंकू लागते, आणि निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात त्यांचा मुक्काम पडतो. झाले काय की, बंदूक स्वस्थ बसली आणि तिच्याबरोबर काडतुसेही स्वस्थ बसली. वर्ष, दोन वर्षे, दहा वर्षे, वीस वर्षे! बंदूक म्हातारी झाली की तिला गंज चढतो, तो दिसतो तरी. काडतूस आतून म्हातारे होते. ते कसे म्हातारे होते हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते, ही खरी काळजीची गोष्ट आहे.

आमच्या गल्लीत एक आबा आहेत. वय ऐंशीच्या पुढे, पण अजून सकाळी शेतावर चालत जातात. मुलगा पुण्याला नोकरीस, घरी सून आणि दोन नातवंडे. आबांच्या घरी वडिलांच्या वेळेपासून बंदूक. वडिलांची ठासणीची होती. आबांनी पुढे परवाना घेऊन दुनळी घेतली. गेल्या वर्षी त्यांनी जुने माळवदाचे घर पाडले आणि त्या जागी स्लॅबचे घर उठले. बांधकाम चालू असताना घरातले सामान शेतातल्या पत्र्याच्या गोठ्यात हलवले होते. त्यातच काडतुसांचा डबाही गेला आणि दोन उन्हाळे, दोन पावसाळे तिथेच राहिला. एका बाजूला म्हशी, दुसऱ्या बाजूला युरियाची पोती, वर तापलेला पत्रा. परभणी जिल्ह्याचा मे महिना ज्यांनी भोगला आहे, त्यांना पारा ४४-४५ अंशांवर जातो म्हणजे काय हे सांगावयास नको. त्या पत्र्याखालची हवा तर त्याहूनही तापलेली.

आबा स्वतः मात्र निश्चिंत होते. कारण दरवर्षी दसरा झाला की ते डबा उघडत, चादरीवर काडतुसे पसरत आणि दिवसभर त्यांना खणखणीत ऊन देत. हा त्यांचा वडिलार्जित नेम. मला म्हणाले, "सर, तुम्ही पोथ्या वाचलेले मानूस. तुम्हीच सांगा, दारूला ऊन द्यावं का नाई? आमच्या बापानं जन्मभर दिलं. दारू कधी दगा देऊन गेली नाई."

प्रश्न माझ्या प्रांतातला निघाला म्हणून मला आनंद झाला. कारण मराठीच्या वर्गात आम्ही रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' शिकवितो. १७१५ च्या सुमाराचा हा राजनीतीवरचा ग्रंथ. शिवाजी महाराजांच्या हाताखाली वाढलेल्या माणसाने लिहिला, म्हणून त्यातला शब्द न् शब्द व्यवहारातून आलेला. त्यात गडकोटांच्या प्रकरणात दारूखाना कसा असावा याचा स्वतंत्र विचार आहे. तो घरांच्या जवळ नसावा. सदरेपासून अंतरावर बांधावा. भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे. खाली तळघर करून त्याची जमीन गच्ची करावी. दारूची मडकी जमिनीवर न ठेवता माच घालून त्यावर ठेवावीत. ओल लागू देऊ नये. आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. पहारा रात्रंदिवस असावा, परवानगीवाचून कोणी जवळ फिरकू नये. तीनशे वर्षांपूर्वीचा हा माणूस किती बारीक विचार करीत होता, ते पाहून विद्यार्थी चकित होतात.

हे मी आबांना सांगितले तेव्हा त्यांची छाती दोन बोटे फुगली. "बघा! म्हंजी आमचा बाप बरोबर होता!"

पण ओसरीवर आणखी एक गृहस्थ बसले होते. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आयुष्याची बरीच वर्षे दारूगोळ्याच्या कोठारांवर काढलेले. ते शांतपणे म्हणाले, "आबा, तुमचे वडील बरोबर होते. तुम्ही बरोबर नाही. त्यांची दारू वेगळी होती."

या एका वाक्यात सारी गोष्ट आली. ती थोडी उलगडून सांगितली पाहिजे.

अमात्यांची दारू आणि आबांच्या वडिलांची दारू एकच. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी भुकटी. ही दारू जात्याच सोशिक. तिचा वैरी एकच, तो म्हणजे ओल. कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे ती जशीच्या तशी राहते. ओल लागली की सोऱ्याचे मीठ पाझरते आणि दारू मरते. म्हणून तिला ऊन दाखविणे हा खरोखरच शहाणपणा होता. परंतु १८४६ साली शोनबाइन नावाच्या शास्त्रज्ञाला कापसावर नत्राम्लाचा प्रयोग करताना एक भयंकर वस्तू सापडली, आणि १८८४ मध्ये व्हिएय या फ्रेंच माणसाने तिच्यापासून बंदुकीत घालता येईल अशी धूर न करणारी दारू बनविली. आजच्या काडतुसातली दारू ही त्या घराण्यातली. आमच्या शेतात पिकणाऱ्या पांढऱ्या कापसाचीच ती थोरली बहीण म्हणा ना!

या नव्या दारूचा स्वभाव निराळा. ओल तिलाही नको, पण तिचा मोठा वैरी म्हणजे उष्णता. ती मुळातच हळूहळू, आतल्या आत, विघटत असते. विघटताना तिच्यातून आम्लाच्या वाफा सुटतात आणि त्या वाफाच पुढचे विघटन वाढवितात. घरात एक कुजका कांदा राहिला की पोतेभर कांदे नासतात, तसेच हे. हा वेग उष्णतेने भराभर वाढतो. फ्रान्सला याची किंमत मोजावी लागली. त्यांच्या आरमारातली 'येना' ही युद्धनौका १९०७ साली आणि 'लिबर्ते' १९११ साली तुलाँच्या बंदरात फुटली. शेकडो खलाशी गेले आणि बोट दाखविले गेले ते जुन्या, नासलेल्या दारूकडे. पुढे दारूत या वाफा शोषून घेणारे एक द्रव्य मिसळू लागले, त्यामुळे आजची दारू पुष्कळच भरवशाची आहे. सावलीत, थंड जागी, कोरडी ठेवली तर काडतुसे अनेक दशके चांगली राहतात. पण ते शोषक द्रव्य म्हणजे काही अक्षय्य पात्र नव्हे. प्रत्येक उन्हाळ्याला त्यातला थोडा हिस्सा खर्ची पडतो. पत्र्याखाली तो लवकर संपतो. आणि दसऱ्यानंतरच्या उन्हात चादरीवर पसरणे, म्हणजे तर तो आपल्या हाताने सांडून टाकणे.

शब्द तोच राहतो आणि वस्तू बदलते, हा भाषेतला मोठा धोका आहे. 'दारूला ऊन द्यावे' हे वाक्य अमात्यांच्या काळी खरे होते. दारू बदलली, वाक्य तेच राहिले. आम्ही मास्तर मंडळी जुने ग्रंथ शिकवितो तेव्हा शब्दाचा अर्थ सांगतो, वस्तूचा सांगत नाही. त्यामुळे आज्ञापत्र तोंडपाठ असलेला माणूसही आपल्या घराला आग लावू शकेल!

आबांनी डबा आणला. एकंदर चौतीस काडतुसे निघाली. त्यांतली एकोणीस जुनी, कागदी नळीची. कागदाने ओल पिऊन घेतली होती आणि ती अंगाने फुगली होती. अशी काडतुसे बंदुकीत शिरत नाहीत, आणि ठोकून शिरवली तर निघत नाहीत. उरलेली प्लॅस्टिकची. त्यांतल्या काहींच्या पितळी बुडाला हिरवा गंज आला होता आणि दोघांच्या कडेला केसाएवढी बारीक चीर गेली होती. सुभेदारांनी ती चीर नखाने दाखविली आणि म्हणाले, "ही म्हशींची करामत."

सगळे हसले. पण ते थट्टा करीत नव्हते. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेला हा अनुभव फार आला. पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या पागेत ठेवीत, आणि पावसाळा सरता सरता पितळेला आपोआप तडे जात. हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. १९२१ साली तीन इंग्रज धातुशास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा मांडला. घोड्यांच्या मुतातून अमोनियाचा वायू निघतो. काडतूस बनविताना पितळ ओढून ताणलेले असते, तो ताण धातूत दडून राहतो. दमट हवेत अमोनिया त्या ताणावर नेमका हल्ला करतो आणि धातू फाटतो. पागेचे ते गोठ्याचे. दमट दिवसांत युरियाची फुटकी पोती शेजारी असली, तर आणखीच भर. चीर गेलेले काडतूस उडविले तर वायू मागच्या बाजूला, म्हणजे उडविणाऱ्याच्या तोंडाकडे फुटण्याची भीती. आबा दुसऱ्याच्या शेतावर राखणीला जाणाऱ्या एका पोराला अधूनमधून सोबत नेत. तो पोरगा त्या वेळी तिथेच उभा होता. त्याने ती चीर पाहिली आणि नकळत एक पाऊल मागे घेतले. आबांच्या ते नजरेस आले. त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही.

इतकेच म्हणाले, "चाळीस वर्सं ऊन दिलं की ओ सर. सगळं उलटंच केलं म्हनायचं."

सुभेदार म्हणाले, "उलटं नाही, आबा. जपलंत, हे खरं. फक्त कशाला जपायचं ते बदललं."

पंचवीस काडतुसे बाजूला निघाली. ठाण्यात आधी विचारून, परवान्याचे पुस्तक बरोबर घेऊन, ती रीतसर जमा झाली. पोच मिळाली. उरली नऊ. ही दोन वर्षांपूर्वी घेतलेली आणि गोठ्यात न गेलेली. त्यांच्यासाठी सुभेदारांनी जी व्यवस्था लावून दिली, ती मी वहीत टिपून घेतली. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ती इथे देतो. ज्यांच्या घरी नाही त्यांनी शेजाऱ्याला वाचून दाखवावी.

पहिली गोष्ट जागेची. पत्र्याखाली नको, गच्चीलगतच्या माळ्यावर नको, चुलीच्या भिंतीला नको, मोरीला लागून नको, गोठ्यात तर नकोच. घरात जिथे उन्हाळ्यात सगळ्यात गार वाटते आणि पावसाळ्यात भिंतीला ओल येत नाही, ती जागा काडतुसांची. जुन्या माळवदाच्या घरात दोन हात जाडीच्या भिंतीतला कोनाडा यासाठी उत्तम होता. आबांचे जुने घर पडले तेव्हा ही एक सोय गेली. स्लॅबच्या घरात आतल्या खोलीतले, जमिनीपासून वीतभर उंच ठेवलेले कुलपाचे कपाट बरे. अमात्यांनी माच घालावयास सांगितला तो याचसाठी. रॉकेल, डिझेल, फवारणीची औषधे, खते यांचा शेजार नसावा.

दुसरी गोष्ट डब्याची. काडतुसे ज्या खोक्यातून आली, त्या खोक्यातच राहू द्यावीत. खोक्यावर घेतल्याचे वर्ष शाईने लिहावे आणि जी आधी आली ती आधी वापरावी. वाणी दुकानात जुना गूळ पुढे ठेवतो, तोच हिशेब. ते खोके रबरी कडेच्या झाकणाच्या डब्यात ठेवावे. डबा बंद करावयाचा तो कोरड्या हवेत. श्रावणात बंद केला तर श्रावणच आत कोंडला जातो! आपल्याकडे त्यासाठी दिवाळीनंतरचे दिवस फार चांगले. पाऊस गेलेला, हवा कोरडी, थंडी पडू लागलेली. डब्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या टाकाव्या. बुटांच्या खोक्यात निघतात त्या. मात्र त्या पुड्याही एकदा पोट भरले की निरुपयोगी होतात. वर्षाने बदलाव्या. भक्कम लोखंडी पेटीत सगळीकडून झाळून मात्र काडतुसे ठेवू नयेत. आग लागलीच तर बंदिस्त वायूला बाहेर पडावयास जागा हवी.

तिसरी गोष्ट लाडाची. काडतुसांचे लाड करू नयेत. खंडेनवमीला बंदुकीला तेल लावावे, पण काडतुसांना लावू नये. बुडाशी असलेल्या टोपीत तेल झिरपले की ती मरते, आणि ऐन वेळी घोडा नुसताच खट्ट करतो. पूजा बंदुकीची करावी, समईच्या वातीजवळ काडतुसे मांडू नयेत. दिवाळीला भांडी घासताना पितळी बूड दिसले म्हणून चिंच लावू नये. पितळ चकचकीत करणारी बाजारातली औषधे तर मुळीच नकोत, कारण त्यांतल्या काहींत तोच अमोनिया असतो. चामडी कमरपट्ट्यात काडतुसे खोचून खुंटीला टांगणे फार रुबाबदार दिसते, पण कमावलेल्या चामड्यातल्या आम्लाने पितळ हिरवे होते. पट्टा मिरवावयाचा, काडतुसे डब्यात. कोरड्या फडक्याने पुसणे, एवढाच काडतुसाचा शृंगार.

चौथी गोष्ट मिसळीची. दोन मापांची काडतुसे एका डब्यात कधीही ठेवू नयेत. बारा बोअर म्हणजे काय, ते पुष्कळांना ठाऊक नसते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक जेवढी जाड, तेवढे त्या नळीचे तोंड. वीस केल्या तर गोळी लहान, नळीही लहान. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकते. मागून पाहिले तर नळी रिकामी दिसते. माणूस दुसरे काडतूस घालतो, चाप ओढतो आणि नळी हातात फुटते. म्हणून पुष्कळ देशांतले कारखाने वीस बोअरची काडतुसे पिवळी करतात. तसेच, जुन्या बंदुकीचे घर आखूड, पासष्ट मिलिमीटरच्या काडतुसाचे असू शकते. तिच्यात सत्तरचे काडतूस शिरते खरे, पण उडताना त्याच्या तोंडाला उलगडावयास जागा उरत नाही. नळीवरचे आकडे जाणत्याकडून वाचून घ्यावेत.

पाचवी गोष्ट ओळखीची. फुगलेले, चेपलेले, हिरवे पडलेले, चिरलेले, हलविल्यावर आत वेगळेच वाजणारे काडतूस बाद समजावे. डबा उघडताच आंबूस, झोंबणारा वास आला किंवा तांबूस वाफ दिसली, तर त्याला हात न लावता दूर व्हावे आणि ठाण्यात कळवावे. शेतात बार निघाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. बार कधी कधी उशिरा येतो. नुसताच फुसका आवाज आला, तर नळीतून आरपार पाहिल्याशिवाय दुसरे काडतूस घालू नये. आत बूच अडकलेले असते.

बाद झालेल्या काडतुसाचे काय करावे, हा प्रश्न सगळ्यांत नाजूक. ते फोडू नये, चुलीत टाकू नये, विहिरीत टाकू नये. विहिरीत टाकले की शिसे पाण्यात जाते. आणि दिवाळीच्या दिवसांत तर विशेष जपावे. काडतूस सोलून त्यातली दारू काढावी आणि घरच्या घरी सुतळी बॉम्ब करावा, ही कल्पना दर पिढीत एका तरी पोराला सुचते. म्हणून चावी. आणि ती चावी देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला टांगलेली नसावी, कारण ती जागा घरातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते.

कायद्याचेही दोन शब्द. १९५९ चा शस्त्र अधिनियम, जो १९६२ च्या ऑक्टोबरात अमलात आला, त्यात बंदुकीइतकाच दारूगोळ्याचाही विचार आहे. परवाना बंदुकीला लागतो, तसाच काडतुसांनाही. एका वेळी किती बाळगावी हे परवान्यावर लिहिलेले असते. २०१६ च्या नियमांनी सुरक्षित जपणुकीची लेखी हमीही मागितली आहे. परवाना संपला, किंवा परवानाधारक वारला, म्हणजे बंदूक आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. वारसांना पुढे स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. पण आधी जमा, मग अर्ज. घरातला कर्ता माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंत कोणाला काही सुचत नाही, हे खरे. पण पुष्कळ घरांत तेराव्याची तेरा वर्षे होतात आणि डबा माळ्यावरच राहतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे जिवंतपणी मुलासुनांना सांगून ठेवावे. जमिनीचा सातबारा कुठे आहे ते सांगतो, तसेच डबा कुठे आहे तेही.

नऊ काडतुसांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. घराच्या आगीत सुटी काडतुसे बंदुकीतल्यासारखी सणसणत जात नाहीत. ती जागीच फुटतात आणि त्यांच्या चिंध्या जवळपास उडतात. पण भरलेली बंदूक त्या आगीत असली, तर ती मात्र खरी उडते. म्हणून बंदूक रिकामी, आणि काडतुसे तिच्यापासून निराळ्या कुलपात. मोठ्या कोठारांचे नियम तरी आणखी वेगळे कुठे आहेत? १७५१ च्या सप्टेंबरात सिंहगडावरच्या दारूकोठारावर वीज पडली आणि फडणिसांचे घर माणसांसकट गेले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या बोटीवर सुमारे १४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र होत्या. कापूस धुमसला आणि गोदी उद्ध्वस्त झाली. तीत ६६ अग्निशामक जवान कामी आले. दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. आणि ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागली. दोन अधिकाऱ्यांसह अनेक जवान आणि अग्निशामक त्यात गेले. आमचे सुभेदार ही तारीख सांगताना क्षणभर थांबले आणि मग डब्यावर वर्ष लिहू लागले.

तिन्ही ठिकाणी दारू वेगळी, काळ वेगळा, पण धडा एकच. दारू कोणाचा शेजार करते, तिला किती ताप होतो आणि तिच्यावर लक्ष कोणाचे आहे, हे तीन प्रश्न. अमात्यांनी हे तिन्ही प्रश्न विचारले होते. उत्तरांतले एक तेवढे काळाने बदलले. प्रश्न बदलले नाहीत. जुन्या ग्रंथांतून उत्तरे उचलावयाची नसतात, प्रश्न उचलावयाचे असतात, असे मी आता वर्गात सांगतो.

यंदाही दसरा झाला आणि आबांच्या सूनबाईंनी आठवणीने विचारले, "मामंजी, काडतुसं उन्हात घालायची का?" आबांनी अंगणातूनच मान हलवली. त्या दिवशी चादरीवर त्यांच्या सांडग्यांना ऊन मिळाले.

वाचकहो, फराळाच्या डब्यांना जेवढे जपता, त्याच्या निम्मे जरी या दुसऱ्या डब्याला जपलेत, तरी पुष्कळ झाले. दिवाळी सुखाची जावो. शोभेची दारू अंगणात उडू दे, आणि दुसरी सावलीत, कुलपात, गार राहू दे.